रेवदंडा : बंदर गेल्यानंतरचे गाव

१

कोंडाण्याचे लेणे कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात आहे. सिंहगडाच्या कोंढाण्याशी त्याची नेहमी गल्लत केली जाते. नावाच्या साम्यापलीकडे दोहोंचा काही संबंध नाही. कोंदिवडे गाव मागे टाकून रानातली चढण चढले की झाडी एकदम संपते आणि कड्याच्या पोटात कोरलेले चैत्यगृह समोर येते. दर्शनी भागावर मोठी कमान आहे. तिच्या दोन्ही बाजूंना लाकडी सज्जांचे आणि कठड्यांचे दगडातले अनुकरण आहे, आणि त्या कठड्यांच्या ओळींमध्ये नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. आतले बरेच खांब खालून झिजून तुटलेले आहेत, वरचे तुकडे छताला लोंबकळल्यासारखे राहिले आहेत. शेजारच्या विहारात भिक्षूंच्या निजण्याचे दगडी ओटे आहेत. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पाण्याची धार थेट लेण्याच्या तोंडावर कोसळते. त्या दिवसांत इथे येणाऱ्यांची गर्दी या धबधब्यासाठी असते.

चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न, मोठ्या मूर्तीचे मस्तक उरले आहे. त्याच्या शेजारी ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ आहे. कण्ह नावाच्या गुरूचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच तिचा आशय. लेण्याचा काळ सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. कोणा राजाचे नाव नाही, दानाची रक्कम नाही, गावाचे नाव नाही. फक्त एक करणारा आणि त्याचा गुरू.

इतक्या आडरानात एवढे काम कोणी आणि कशासाठी केले, हा प्रश्न इथे आलेल्या प्रत्येकाला पडतो. त्याचे उत्तर असे की कोंडाणे तेव्हा आडरानात नव्हते. कल्याण, शूर्पारक म्हणजे आजचे सोपारे, आणि चेमूल म्हणजे आजचे चौल, या बंदरांतून देशावर चढणाऱ्या वाटा बोरघाटाच्या परिसरात एकत्र येत. घाट चढण्यापूर्वी तांडे जिथे थांबत, त्या टापूत कोंडाणे आहे. घाट चढून गेल्यावर भाजे, बेडसे आणि कार्ले आहेत. इथून समुद्र दिसत नाही, त्याची गाज ऐकू येणे तर शक्यच नाही. तरी हे लेणे समुद्राच्या व्यापारावर उभे राहिले. पुढे वाट बदलली. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खोपोलीकडून बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८६३ साली घाटातून आगगाडी धावू लागली, आणि राजमाचीखालची जुनी वाट गुराख्यांची व लाकूडफाटा आणणाऱ्यांची राहिली. कोंडाण्याला आज जी शांतता आहे ती अशी आलेली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कोंडाणे नाही. त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला जे बंदर होते, त्याच्या जागी आज जे निवांत समुद्रकाठचे गाव आहे, त्या रेवदंड्याविषयी मला लिहायचे आहे. पण सुरुवात कोंडाण्यापासून करण्याला कारण आहे. लेण्यातल्या शांततेविषयी आपल्याला निदान प्रश्न पडतो. समुद्रकाठच्या शांततेविषयी तो पडत नाही. ती आपण निसर्गाने दिलेली म्हणून गृहीत धरतो.

२

समुद्र आणि त्याच्या मागची उथळ खाडी यांच्यामध्ये वाळूची लांबट पट्टी तयार होते, आणि तिच्यावर माणसे वस्ती करतात. अमेरिकेच्या पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यावर अशा पट्ट्यांची सुटी बेटेच आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर सुट्टी घालवण्याची गावे वसलेली आहेत. आपल्या कोकणचा किनारा खडकाळ, डोंगरांची टोके समुद्रात शिरलेला. तिथे वाळूला मोकळेपणी पसरायला फारशी जागा नाही. मात्र नदीच्या मुखाशी, एक टोक जमिनीला धरून राहिलेले वाळूचे दांडे दिसतात. मालवणजवळचे देवबाग हे त्याचे ठळक उदाहरण: एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांची एक निमुळती रेघ.

रेवदंडा या नावात हा भूगोल वाचता येतो. रेव म्हणजे बारीक खडी-वाळू आणि दांडा म्हणजे लांबट पट्टा. केळवे-दांडा, खार-दांडा, दांडा-राजपुरी अशी नावे किनाऱ्यावर इतरत्रही आहेत. स्थानिक परंपरा मात्र हे नाव बलरामाची पत्नी रेवती हिच्याशी जोडते आणि शेजारच्या चौलला चंपावती म्हणते. दोन्ही व्युत्पत्ती शेजारी शेजारी ठेवायला हरकत नाही. एकीत वाळू आहे, दुसरीत त्या वाळूला पुराणात जागा मिळवून देण्याची माणसांची इच्छा आहे. अलिबागहून दक्षिणेला सुमारे १७ किलोमीटर गेले की हे गाव लागते. पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला कुंडलिका नदीचे मुख, आणि पूर्वेकडे एके काळी चौलपर्यंत आत शिरणारी व आता गाळाने भरत आलेली खाडी. कुंडलिकेच्या पलीकडे समुद्रात घुसलेला कोर्लईचा डोंगर आणि त्याच्यावरचा किल्ला.

अशी वाळूवरची गावे बहुधा दोन आयुष्ये जगतात. टेक्सासच्या किनाऱ्यावरचे गॅल्व्हेस्टन हे बेटावरचे शहर एकोणिसाव्या शतकात तिथले मोठे बंदर होते. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात तिथे किमान ६,००० माणसे मेली. शहराने समुद्राला भिंत घातली, जमीन भर घालून उंच केली, पण १९१४ साली ह्यूस्टनपर्यंत मोठी जहाजे नेणारा खोल कालवा खुला झाला आणि व्यापार आत सरकला. पुढे गॅल्व्हेस्टन ओळखले गेले ते प्रामुख्याने समुद्रस्नानासाठी आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्यांसाठी. रेवदंड्याची कथा याच आराखड्याची आहे, फक्त तिला दोन हजार वर्षे लागली आणि तिच्यातली पडझड एका रात्रीत झाली नाही.

३

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीच्या भूगोलात सेमिल्ला किंवा सिमिल्ला या नावाचे बंदर येते. ते चौल होय असे अभ्यासक मानतात. कान्हेरीच्या शिलालेखांत चेमूलच्या दात्यांचा उल्लेख आहे. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौल परिसरात केलेल्या शोधकार्यात सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले. चौलच्या हिंगुळजा देवीच्या डोंगरात काही लहान बौद्ध लेणी आहेत. कोंडाण्याशी तुलना करता ती अगदी साधी आहेत, पण वाटेच्या दोन्ही टोकांना एकाच धर्माच्या माणसांनी एकाच रीतीने डोंगर पोखरले, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

दहाव्या शतकात हे बंदर अरबांच्या लिखाणात सैमूर म्हणून येते. अल-मसुदी हा बगदादचा इतिहासकार हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, स्वतः इथे आला होता. शिलाहार राजा झंझ याचा तो काळ. मसुदीने लिहिले आहे की सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान या गावी राहत. इथे जन्मलेल्यांसाठी त्याने बयासिरा असा वेगळा शब्द दिला आहे, आणि त्यांच्यातल्याच एका प्रतिष्ठित माणसाची राजा प्रमुख म्हणून नेमणूक करी, अशी नोंद केली आहे. दहा हजार हा आकडा मोजून काढलेला नसेल. पण ज्या गावात परदेशी वडिलांच्या इथे जन्मलेल्या मुलांना वेगळे नाव द्यावे लागते, ते गाव दोन-चार गलबतांचे थांबण्याचे ठिकाण नक्कीच नव्हते.

चौलच्या उत्तरेला आक्षी हे गाव आहे. तिथे अनेक वर्षे रस्त्याच्या कडेला एक दगड पडून होता. त्याच्यावर कोरलेल्या लेखात केशिदेवराय या शिलाहार राजाचे व भइर्जू सेणुई या त्याच्या प्रधानाचे नाव आहे आणि देवीसाठी दिलेल्या दानाचा तपशील आहे. त्यातील शकाचे आकडे ९३४ असे वाचले तर हा लेख इसवी सन १०१२ चा, म्हणजे उपलब्ध मराठी शिलालेखांतला सर्वांत जुना, ठरतो. सर्व अभ्यासकांना हे वाचन मान्य नाही. वादाचा निर्णय इथे करण्याचे कारण नाही. पण मराठीच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ‘सर्वांत जुनी मराठी कोणती’ या वादातला एक प्रमुख पुरावा कोणत्याही राजधानीत सापडलेला नाही. तो या किनाऱ्यावर, नारळी-पोफळीच्या आगरांत सापडला. राजाची पदवी, देवीचे दान आणि दान मोडणाऱ्याला घातलेली शिवीवजा शपथ, हे सगळे लोकांना समजेल अशा भाषेत लिहिण्याची गरज जिथे वर्दळ होती तिथेच निर्माण झाली असणार.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियातल्या त्वेर शहराचा व्यापारी अफनासी निकितिन समुद्रमार्गे चौलला उतरला. बहमनी राज्याचा तो काळ. निकितिनने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलहून तो पालीला गेला, तिथून डोंगर चढून पुढे जुन्नरला. पाली म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा आतला भाग. म्हणजे हा परदेशी माणूस बंदरापासून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत त्याच जुन्या व्यवहाराच्या टापूतून चालला. जुन्नरला तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देतो असे सांगितले. एका खुरासानी सरदाराच्या मध्यस्थीने घोडा परत मिळाला. इथल्या बायकापुरुषांचे कपडे, लोकांनी गोऱ्या माणसाकडे टक लावून पाहणे, पावसाळ्याचे महिने, चिखल, हे सारे त्याने साध्या शब्दांत टिपले आहे. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याच्या स्मरणार्थ स्तंभ उभारला आहे, आणि त्याच्या प्रवासावर १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास व वासिली प्रोनिन यांनी ‘परदेसी’ हा भारत-सोव्हिएत चित्रपट काढला होता.

४

पोर्तुगीज आले ते आधी युद्धासाठी. मार्च १५०८ मध्ये चौलच्या खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार व दीवचा मलिक अयाज यांच्याशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मैदा मारला गेला. बापाने पुढच्याच वर्षी दीवला त्याचा सूड घेतला. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगिजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला आणि १५२४ पर्यंत तो उभा राहिला. तेव्हापासून दोन चौल झाली. आतले, निजामशाहीच्या अमलाखालचे ते वरचे चौल. वाळूच्या दांड्यावरचे, पोर्तुगिजांचे ते खालचे चौल, म्हणजे रेवदंडा.

ही जोडगावे एकमेकांवर जगत होती आणि एकमेकांशी लढतही होती. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहाने रेवदंड्याला वेढा घातला. तो १५७१ च्या पावसाळ्यापर्यंत चालला आणि फसला. १५९४ साली पोर्तुगिजांनी समोरचा कोर्लईचा डोंगर घेतला व खाडीच्या तोंडावर दोन्ही बाजूंनी त्यांचा ताबा झाला. याच सुमारास लिन्सखोटेन या डच प्रवाशाने चौलच्या रेशमी कापडाची आणि लाखेचे काम केलेल्या पेट्या-पलंगांची वाखाणणी केली आहे. तटाच्या आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन अशा निरनिराळ्या पंथांची चर्चे आणि मठ होते. आज जी इमारत सातखणी या नावाने ओळखली जाते, तो त्यांतल्या एका चर्चचा मनोरा आहे.

हा डोलारा १७४० मध्ये संपला. आदल्या वर्षी वसई पडली होती आणि मराठ्यांच्या फौजा गोव्यातही शिरल्या होत्या. तहात गोव्याकडचा प्रदेश मोकळा करून घेण्याच्या बदल्यात पोर्तुगिजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांना दिली. रेवदंडा लढून पडण्यापेक्षा वाटाघाटीत गेला, यावरूनच त्याचे मोल तोवर किती कमी झाले होते हे कळते. खरा व्यापार त्याच्याही आधी निघून गेला होता. १६६८ मध्ये मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे आले. तिथले बंदर खोल होते आणि वसवणाऱ्यांना माणसे हवी होती. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौलचे रेशीम विणकर मुंबईत नेऊन वसवण्यात आले. इकडे खाडी गाळाने भरत होती. जहाजे मोठी होत गेली आणि पाणी उथळ होत गेले. १८७६ मध्ये जर्सन द कुन्हा यांनी चौल-वसईच्या पुराणवस्तूंवर पुस्तक लिहिले, आणि १८८३ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, तेव्हा चौल हा पुराणवस्तूंचा विषय झालेला होता.

५

आज सुट्टीच्या दिवशी रेवदंड्याला जाणारा माणूस काय पाहतो? काळसर वाळूचा किनारा, ओहोटीला खूप लांबवर उघडी पडणारी ओली जमीन, सुरूची झाडे. किनाऱ्याला लागूनच जुना तट. तटाच्या आत शिरले तर शहर नाही, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पाटाचे पाणी, रहाटाच्या जुन्या विहिरी, सावलीत वाळत घातलेली सुपारी, आणि मधूनच माडांच्या वर डोके काढणारी एखादी चर्चची भिंत. सातखणीच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की खिडक्यांच्या चौकटींतून आकाश दिसते. वाडी कोणाची तरी आहे, तिथे कोणी तरी शिंपणे करत असते; भग्नावशेषाच्या वाटेवर तिकीट खिडकी नाही, म्हणून आपण कोणाच्या तरी अंगणातून चाललो आहोत हे पाहुण्याने विसरू नये.

चौलकडे वळले तर रामेश्वराचे देऊळ आणि त्याच्यासमोरची पुष्करणी. या देवळात जमिनीखाली पर्जन्यकुंड असल्याचे मानतात. दुष्काळाच्या वर्षी ते उघडले की पाऊस येतो अशी श्रद्धा आहे. बाजूला शितळादेवी, डोंगरावर दत्त, जिथे दत्तजयंतीची जत्रा भरते. रेवदंड्यात बेने इस्राएल समाजाचे बेथ एल हे सभागृह आहे. खाडीच्या पुलावरून पलीकडे गेले की कोर्लई.

या यादीतली प्रत्येक गोष्ट बंदराची आहे. पोफळीच्या वाड्या कोटाच्या आत आल्या त्या लोकवस्ती उठल्यामुळे. बेने इस्राएलांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचे जहाज उत्तरेकडच्या नवगावजवळ फुटले आणि थोडी माणसे वाचून किनाऱ्याला लागली. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. ही आख्यायिका आहे, पण व्यापारी समुद्राच्या काठावरच अशी आख्यायिका जन्मू शकते. त्यांची मातृभाषा मराठी झाली. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले आणि तिथेही त्यांनी ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक काढले. रेवदंड्याच्या सभागृहापुढे उभे राहून त्या नियतकालिकाची आठवण व्हावी. बंदर म्हणजे केवळ माल चढवण्या-उतरवण्याची जागा नव्हे. भाषा इथून आत जाते आणि इथून बाहेरही जाते.

याचे सर्वांत नवल वाटावे असे उदाहरण कोर्लईत आहे. किल्ल्याखालच्या वरच्या कोर्लईत ख्रिस्ती समाजाची वस्ती आहे. सुमारे हजारभर माणसांची ही वस्ती घरात जी भाषा बोलते, तिला ती ‘नॉ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणते. शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची: आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. १७४० मध्ये पोर्तुगीज सत्ता गेली. साहेब गेले, धनिक गेले. धर्माने शेजाऱ्यांपासून वेगळी आणि सत्तेपासून तुटलेली ही लहान वस्ती मागे राहिली, आणि तिच्याबरोबर तिची भाषा. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेन्ट्स यांनी या भाषेच्या जडणघडणीवर १९९६ मध्ये स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या विवेचनाचा मध्यवर्ती भाग हाच आहे की एकटेपणामुळे ही भाषा टिकली. आता मुले मराठी शाळेत जातात, तरुण कामासाठी मुंबईला जातात. एकटेपण कमी झाले हे चांगलेच झाले, आणि त्यामुळेच भाषा धोक्यात आली. या पेचाला सोपे उत्तर नाही. पाहुणा किल्ल्यावर जाताना या वस्तीतून जातो, समुद्राचे छायाचित्र घेतो, आणि आपण कोणत्या दुर्मीळ गोष्टीच्या अगदी शेजारून गेलो हे त्याला कळतही नाही.

६

निवांत, शांत, गर्दीपासून दूर, अस्पर्श: समुद्रकाठच्या गावांविषयीच्या मराठी लिखाणात ही विशेषणे ठरून गेली आहेत. त्यांतल्या ‘अस्पर्श’ या शब्दाला माझा आक्षेप आहे. मसुदीपासून लिन्सखोटेनपर्यंत जिथे जग येऊन गेले, जिथे दोन सत्तांनी भिंतीला भिंत लावून गावे वसवली, त्या जागेला अस्पर्श म्हणणे म्हणजे तिचा इतिहास पुसणे. कोकण म्हणजे निसर्ग आणि देश म्हणजे इतिहास, अशी एक वाटणी आपल्या मनात नकळत झालेली आहे. गडांवर जाताना आपण बखरी आठवतो. किनाऱ्यावर जाताना फक्त मासे आणि सूर्यास्त. रेवदंडा ही वाटणी मोडतो. तिथली शांतता ही घडलेली गोष्ट आहे. गाळाने, तहाने, विणकरांच्या स्थलांतराने आणि शेजारच्या मोठ्या शहराच्या भुकेने ती घडवली आहे.

दुसरे असे की ही शांतता सगळ्यांसाठी सारखी नसते. कोळ्याच्या दिवसाला निवांतपणा नसतो. त्याचे वेळापत्रक भरती-ओहोटी ठरवते. वाडीवाल्याचा निवांतपणा ३ जून २०२० रोजी संपला. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या वाड्यांतले माड, पोफळी उन्मळून पडल्या. भाताचे पीक गेले तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहता येते. पोफळीला नव्याने फळ धरायला बरीच वर्षे जातात. ज्या सावलीसाठी पाहुणा येतो ती सावली कोणाच्या तरी वडिलांनी लावलेली असते, आणि एका दुपारीत ती जाऊ शकते, हे त्या वर्षी दिसले.

तिसरी गोष्ट सध्या डोळ्यांसमोर घडते आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला मोटारी घेऊन जाणारी बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटर लांबीचा सागरी सेतू खुला झाला. मुंबईने साडेतीनशे वर्षांपूर्वी चौलचे विणकर नेले. आता मुंबई विश्रांतीसाठी चौलच्या वाड्यांकडे परत येते आहे. येणाऱ्यांमुळे घरोघरी खानावळी चालतात, खोल्या भाड्याने जातात, मुलांना गावात काम मिळते. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वाडी विकली गेली की तिच्यातली चर्चची भिंत, विहीर आणि ती वाडी कशी शिंपायची याचे ज्ञान एकाच खरेदीखतात जाते. कर्जतच्या आसपास शेतघरांच्या कुंपणांआड जुन्या पायवाटा कशा नाहीशा होतात, हे कोंडाण्याकडे जाणाऱ्यांनी पाहिलेले आहे.

मग करायचे काय? गावाने गरीब आणि एकटे राहावे म्हणजे आपल्याला त्याची शांतता उपभोगता येईल, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाच नाही. ती अपेक्षा कोर्लईच्या मुलांनी शाळेत जाऊ नये असे म्हणण्यासारखीच होईल. साहित्याच्या अभ्यासकांच्या हातात त्यातले थोडेच आहे, पण ते थोडे खरे आहे: आपण जागेविषयी कोणते शब्द वापरतो, ते. आक्षीचा दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला राहिला, कारण त्या रस्त्याने जाणाऱ्यांच्या दृष्टीने तो समुद्राकडे जाण्याचा रस्ता होता, मराठीच्या इतिहासाकडे जाण्याचा नव्हता. वर्णन बदलले की पाहणे बदलते आणि पाहणे बदलले की राखणे थोडे सोपे होते. महाविद्यालयाची सहल रेवदंड्याला जाते तेव्हा निदान एक दुपार आक्षी, सातखणी आणि कोर्लईसाठी राखून ठेवता येईल. कोर्लईत एखाद्या आजींनी तयारी दाखवली तर त्यांच्या भाषेतली चार वाक्ये ऐकता येतील आणि शेवटी येणारे क्रियापद आपल्या कानाला किती ओळखीचे वाटते, हे अनुभवता येईल.

कोंडाण्याला बलकाने आपले नाव कोरले तेव्हा खालून तांडे जात असतील, बैलांच्या घंटा वाजत असतील, समुद्राकडून आलेला माल वर चढत असेल. ती वर्दळ त्याने गृहीत धरली असणार. नाही तर नाव कोणासाठी कोरायचे? आज तिथे पावसाळ्यात धबधब्याखाली भिजायला आलेली मुले असतात, आणि त्यांच्या डोक्यावर ती ओळ असते. ती वाचायला ब्राह्मी यावी लागते असे नाही. तिथे कोणी तरी होते, आणि कोणी तरी ये-जा करत होते, एवढे माहीत असले तरी पुरे. रेवदंड्याच्या वाळूवर बसताना तेवढे माहीत असावे, इतकेच या लेखाचे म्हणणे आहे.